जलेबीचं पार्सल पाठवून नेमकं काय सिद्ध होतं?

रामबागकर (धागा सुरू करणारे)

हरियाणाच्या निकालाच्या दिवसाचा तो जुना स्क्रीनशॉट आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर पुन्हा फिरायला लागलाय. ज्यांच्या लक्षात नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २०२४ च्या विधानसभेच्या प्रचारात राहुल गांधींनी गोहान्याच्या सभेत तिथल्या मातूरामच्या जलेबीचा डबा हातात धरून भाषण केलं. ही जलेबी देशभर गेली पाहिजे, कारखाना निघाला तर हजारो लोकांना काम मिळेल, असा सूर होता. भाजपवाल्यांना आयतंच सापडलं. जलेबीचा कधी कारखाना असतो का? मग ८ ऑक्टोबरला निकाल लागला. ९० पैकी ४८ जागा भाजपला, काँग्रेस ३७ वर अडकली. हरियाणा भाजपने आपल्या खात्यावरून जाहीर केलं, राहुलजींच्या घरी जलेबी पाठवली आहे. सोबत ऑर्डरचा स्क्रीनशॉट. एक किलो, पत्ता २४, अकबर रोड. म्हणजे घर नव्हे, काँग्रेसचं तेव्हाचं मुख्यालय. लोकांनी चित्र मोठं करून पाहिलं तर पैसे माल पोचल्यावर द्यायचे होते!

जिंकलेल्याने हरलेल्याला डिवचावं यावर माझा आक्षेप नाही. विहिणीच्या पंगतीपासून हे चालत आलंय. माझं दुखणं वेगळं आहे. त्या निवडणुकीत शेतकरी, पैलवान, अग्निवीर हे मुद्दे महिनाभर गाजत होते. निकालानंतर काँग्रेसने मतदान यंत्रांच्या बॅटरीवरून तक्रारी केल्या. आज कोणालाही हरियाणा विचारा, जलेबी म्हणेल. बरं, ती जलेबी राजकारणात पहिल्यांदा राहुलने आणली असंही नाही. त्याच वर्षी मे महिन्यात लोकसभेच्या प्रचाराला मोदी गोहान्यात आले होते. तेव्हा विरोधी आघाडीची टर उडवताना पंतप्रधानपद म्हणजे काय मातूरामची जलेबी आहे का, अशा अर्थाचं तेच बोलून गेले होते.

दुसरं उदाहरण आपल्या गावचंच. नोव्हेंबर २०१९, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर भारत-बांगलादेश कसोटी. गौतम गंभीर समालोचनाला आला होता. लक्ष्मणने फोटो टाकला, सगळे मजेत पोहे-जलेबी खातायत. आणि १५ नोव्हेंबरला तिकडे दिल्लीच्या हवेवर संसदेच्या नगरविकास समितीची बैठक. दिल्लीचा भाजपचा खासदार गंभीर तिथे नाही. आम आदमी पार्टीने रान उठवलं. दिल्लीत ‘बेपत्ता’ची पोस्टरं लागली, शेवटचे इंदुरात जलेबी खाताना दिसले होते म्हणून. गंभीरही म्हणाला, माझ्या जलेबीने प्रदूषण वाढत असेल तर कायमची सोडतो.

आता मुद्दा बघा. त्या बैठकीला अवघे चार खासदार आले होते. बडे अधिकारीही फिरकले नव्हते, म्हणून ती पुढे ढकलावी लागली. न आलेल्या बाकीच्यांपैकी किती जणांची नावं आपल्याला सांगता येतील? त्यांनी जलेबी खाल्ली नाही, किंवा खाल्ली तरी फोटो काढला नाही. सुटले.

खाण्याचा पदार्थ हातात घेऊन केलेली टिंगल ही दोन्ही बाजूंची सोय आहे, असं माझं ठाम मत आहे. करणाऱ्याला पुरावा द्यावा लागत नाही, ज्याची होते त्याला खुलासा द्यावा लागत नाही. पटत नसेल तर मुद्द्याने बोला. झेंडे घरी ठेवून या.

जिरावन

काका, इंदूरकर असून जलेबीच्या विरोधात धागा? तुमचं रेशनकार्ड तपासावं लागेल.

सुदामानगरची

रामबागकरकाका, तुमचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. संसदीय समितीची बैठक पुढे ढकलली ही बातमी एरवी आतल्या पानावर चार ओळींत जाते. चार खासदार आले होते हे तुम्हाला आज, इतक्या वर्षांनी पाठ आहे, ते कशामुळे? जलेबीमुळेच ना? स्थायी समितीच्या हजेरीवरून रस्त्यावरची माणसं भांडतायत, हे मी तेव्हाच काय ते पाहिलं.

माझी नणंद दिल्लीला असते, तिच्या धाकट्याला दमा आहे. त्या आठवड्यात तिथल्या शाळा हवेमुळे बंद ठेवल्या होत्या. ती मुलाला खिडक्या लावून, दाराच्या फटीला ओला टॉवेल खोचून घरात घेऊन बसली होती. तिने ते पोस्टर मला पाठवलं तेव्हा खाली हसण्याचं चिन्ह नव्हतं. ‘आमचा खासदार तुमच्याकडे आहे, पाठवून द्या’ एवढंच लिहिलं होतं. तुम्हाला ती टिंगल वाटली. तिच्या हातात तक्रार करायला तेवढंच होतं.

आणि दुसरं. १ ऑगस्ट २०२२ ला लोकसभेत महागाईवर चर्चा होती. तृणमूलच्या काकोली घोष दस्तीदार यांनी सभागृहात कच्चं वांगं चावून दाखवलं. आम्ही भाज्या कच्च्याच खाव्यात असं सरकारला वाटतं का, हा त्यांचा सवाल. सिलिंडर सहाशेवरून अकराशेवर गेला, हेही त्याच भाषणात होतं. त्या दिवशी अनेकांनी आकडे सांगितले असतील. माझ्या लक्षात राहिला तो वांगंवालीचा आकडा. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईला तो सोळा पानी अहवालापेक्षा लवकर कळतो. याला सोय म्हणायचं तर म्हणा.

मालव्या

मी भाजपला मत देतो, लपवत नाही. पण पार्सलची बाजू पक्षासाठी घेत नाही, विनोदासाठी घेतो.

तो विनोद लागला कशामुळे? मतमोजणीच्या सकाळी सुरुवातीचे कल काँग्रेसच्या बाजूने होते. अकबर रोडवर मिठाई वाटली गेली, ढोल वाजले. दुपारपर्यंत सगळं फिरलं. ज्या दारात सकाळी मिठाई वाटली त्याच दारात संध्याकाळी जलेबी पाठवायची, यात वेळ साधली होती. काकांना वाटतं लोकांनी डोकं बाजूला ठेवून हसलं. मला वाटतं लोकांना सकाळचा माज आठवत होता, म्हणून हसले. नेमकं खरं काहीतरी मागे नसेल तर असला प्रकार पडतो. कितीतरी पडतात, आपल्यापर्यंत पोचतसुद्धा नाहीत.

आणि जरा बाहेर बघा. ब्रिटनमध्ये मे २०१९ ला न्यूकॅसलच्या रस्त्यावर ब्रेक्झिटवाला नेता नायजेल फराजच्या अंगावर मिल्कशेक ओतला. त्याच्या सभेच्या वेळी मिल्कशेक विकू नका, असं एडिनबरातल्या एका मॅकडोनाल्डला पोलिसांनी सांगून ठेवलं होतं म्हणे, म्हणे कशाला, तशी पाटीच लागली होती. त्यापुढे एक किलो जलेबी म्हणजे फारच सभ्य प्रकार झाला. शिवाय खाता येते.

गल्लीतला ठेला

तुमचं चालू द्या, मी धंद्याच्या बाजूने दोन शब्द सांगतो. आमचा पोहे-जलेबीचा ठेला वडिलांपासूनचा. छप्पन, सराफा या इंदूरच्या नावाजलेल्या खाऊगल्ल्यांत नाही, साध्या गल्लीच्या तोंडाशी. निवडणूक आली की उमेदवार येतातच.

आपले पोहे वाफेवर ठेवलेले असतात. खाली उकळत्या पाण्याचं पातेलं, वर परात. गिऱ्हाईक आलं की वरचे वर, हलक्या हाताने मोकळे करून द्यायचे. नेत्याला मात्र झारा स्वतःच्या हातात पाहिजे. फोटोत वाफ दिसली पाहिजे म्हणून तो तळापासून ढवळतो. पाच मिनिटांत पोह्यांचा लगदा. तो लगदा नंतर कोण खाणार? आम्हीच.

मागच्या खेपेला एका पक्षाची मंडळी आली. नाव घेत नाही, मला इथेच धंदा करायचाय. विरोधी उमेदवार भाषणात अडखळतो, फिरून फिरून बोलतो, म्हणून यांना त्याच्या नावाने जलेबी तळायची होती. ‘वाकडी काढू, त्यांच्या भाषणासारखी.’ आता जलेबीचं पीठ रात्रीच आंबवून ठेवलेलं असतं, कापडाच्या पोटलीतून सोडतात, आणि हात थांबू द्यायचा नसतो. साहेबांनी पोटली एकदम दाबली. पीठ गोळाच्या गोळा कढईत पडलं, तूप उडालं ते माझ्याकडच्या पोराच्या मनगटावर. व्हिडिओ मी नंतर पाहिला. गोळा कापलाय, पोराचं ओरडणं कापलंय, आणि जी गोल गोल जलेबी ते उचलून दाखवतायत ती मी काढलेली आहे.

रांगेत कोचिंगची मुलं होती, ड्युटीवर जाणारी माणसं होती, ती सगळी पुढच्या ठेल्यावर गेली. पैसे दिले का? दिले. साहेबांनी आणि त्यांच्या चौघांनी खाल्लं त्याचे. मागून जे पंचवीस-तीस कार्यकर्ते प्लेटा उचलून गेले त्यांचे नाही.

ज्यांची टिंगल केली ते उमेदवारही आठवड्याने हजर. म्हणाले, ‘आता सरळ काढ, आपणही व्हिडिओ करू.’ सरळ जलेबी! मी हात जोडले.

जिरावन

सरळ काढली असती तर फाफडा झाला असता. बडोद्याला निर्यात.

लोकमान्यनगर गल्ली ३

सुदामानगरताई आणि मालव्या, तुम्ही दोघं गोड उदाहरणं घेऊन बोलताय. पदार्थाची चेष्टा पदार्थावर थांबत नाही, खाणाऱ्यावर जाते, यावर कोणीच बोलत नाहीये.

२३ जानेवारी २०२०. आपल्याच इंदुरात नागरिकत्व कायद्यावरच्या कार्यक्रमात भाजपचे कैलास विजयवर्गीय म्हणाले, माझ्या घरी खोलीचं काम चालू होतं, मजुरांची खाण्याची पद्धत विचित्र वाटली, ते नुसते पोहेच खात होते, त्यावरून मला ते बांगलादेशी असल्याचा संशय आला. पोहे! आणि कुठे? इंदुरात! मग जे झालं ते सगळ्यांना आठवत असेल. पोह्यांच्या प्लेटांचे फोटो, मीही बांगलादेशी, माझी आजीही बांगलादेशी. महाराष्ट्रापासून बंगालपर्यंत सगळ्यांनी हात धुऊन घेतले. आम्हीही आमच्या घरची कांदेपोह्यांची बशी टाकली होती.

पण ते मजूर कुठे गेले? त्यांना कामावर ठेवलं की काढलं, ते कुठले होते, कोणी विचारलं? सगळा देश पोह्यांच्या बाजूने उभा राहिला. मजुरांच्या बाजूने उभं राहिलेलं मला कोणी दिसलं नाही. पोह्यांना पाठिंबा द्यायला काही लागत नाही.

माशांचं तेच. ९ एप्रिल २०२४, आपला पाडवा. तेजस्वी यादवांनी हेलिकॉप्टरमध्ये मासा खातानाचा व्हिडिओ टाकला, मजकुरात तारीख ८ लिहिलेली. भाजपवाले नवरात्रात मासे खाल्ले म्हणून तुटून पडले. मग तेजस्वी म्हणाले, मी यांच्या बुद्ध्यांकाची परीक्षा घेत होतो. लगेच संत्रं खातानाचा दुसरा व्हिडिओ, आता नारिंगी रंगावर आक्षेप घ्या म्हणून. तीन दिवसांनी उधमपूरच्या सभेत पंतप्रधान श्रावणातल्या मटणावर आणि नवरात्रातल्या माशांवर बोलले, मुघलांपर्यंत गेले. हेलिकॉप्टरमधला मासा हा हुशारीचा सापळा होता हे मान्य. पण त्या आठवड्यात ज्याच्या डब्यात मासे होते त्या ऑफिसातल्या माणसाचं काय? तो डबा झाकून खातो, तेजस्वी नाही झाकत.

हाच धागा ओढत गेलं की जुलै २०१४ मधलं दिल्लीचं महाराष्ट्र सदन आठवतं. जेवण वाईट आहे म्हणून शिवसेनेच्या खासदाराने तिथल्या कर्मचाऱ्याच्या तोंडात चपाती कोंबली. त्याचा रोजा होता. जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या आमदार निवासात आमदाराने शिळ्या डाळीवरून कँटीनच्या माणसाला बुकलून काढलं. यात विरोधकाची टिंगल नव्हती, मला माहीत आहे, लगेच सांगू नका. पण कॅमेरा, पुढारी आणि ताट एकत्र आले की मार कोणाला बसतो, एवढं त्यातून दिसतं.

मालव्या

सांगणारच. चपाती कोंबणं हा गुन्हा आहे, जलेबी पाठवणं हा टोमणा आहे. दोन्ही एका पोत्यात भरून काका जिंकले असं म्हणता येणार नाही. उद्या लग्नात केक तोंडाला फासला तरी महाराष्ट्र सदन काढाल.

कांदेबटाटे

इथे कांद्याशिवाय चर्चा चाललीय हे बघून आश्चर्य वाटलं. मराठी माणसाने तरी १९९८ विसरू नये.

त्या दिवाळीला कांदा डोळ्यांतून पाणी काढत होता. महाराष्ट्रात युतीचं सरकार, मनोहर जोशी मुख्यमंत्री. छगन भुजबळ तेव्हा काँग्रेसमध्ये. त्यांनी जोशीसरांना दिवाळीची मिठाई म्हणून खोका पाठवला, आत कांदे. सगळीकडे हशा. पण नंतर सरकारने रेशनकार्डावर १५ रुपये किलोने कांदा दिला. बाजारात तेव्हा चाळिशीच्या पुढे भाव होता. त्याच वर्षी दिल्लीत कांद्याने भाजपचं सरकार घालवलं ते वेगळंच. आता रामबागकर, यात प्रश्न कुठे हरवला? खोक्यातच प्रश्न होता, आणि उत्तर रेशनच्या दुकानात मिळालं.

माझ्या मते फरक साधा आहे. भुजबळांनी जे पाठवलं तेच महाग होतं. जलेबीच्या पार्सलात जलेबीचा काही संबंधच नव्हता, ती नुसती निमित्त होती.

पण कांद्याचं दुसरं उदाहरणही देतो, तुमच्या बाजूचं. ४ डिसेंबर २०१९, लोकसभा. सुप्रिया सुळेंनी कांद्याच्या उत्पादनावर प्रश्न विचारला होता, निर्मला सीतारामन उत्तर देत होत्या. मध्येच एका खासदाराने ओरडून विचारलं, तुम्ही कांदा खाता का? त्या म्हणाल्या, मी फारसा कांदा-लसूण खात नाही, कांद्याशी फार संबंध नसलेल्या घरातून येते. झालं. फिरलेल्या क्लिपमध्ये मधला प्रश्न नव्हता, फक्त उत्तर होतं. चिदंबरम तेव्हा नुकतेच जामिनावर सुटले होते, त्यांनी विचारलं, मग त्या अव्होकाडो खातात का? बाईंनी पुढे आयात, साठा यावर काय सांगितलं ते कोणालाच आठवत नाही. मलाही नाही.

रामबागकर

बरेच मुद्दे आले. जमतील तशी उत्तरं देतो.

सुदामानगरताई, तुमच्या नणंदेची गोष्ट वाचून थांबलो जरा. पण माझा मुद्दा तिच्याच बाजूचा आहे. पोस्टरवर फक्त ‘जलेबी खाताना दिसले’ होतं. ‘बाकीचे खासदारही आले नाहीत, महापालिकेचे आयुक्तही आले नाहीत’ हे होतं का? दिल्लीत सरकार कोणाचं होतं? आम आदमी पार्टीचंच. पोस्टरने बोट दुसरीकडे गेलं, हा त्या पोस्टरचा उपयोग. तीन महिन्यांत निवडणूक झाली, ७० पैकी ६२ जागा त्यांना मिळाल्या. त्यानंतरचे नोव्हेंबर तुमच्या नणंदेने बघितलेच असतील.

मालव्या, मिल्कशेकपेक्षा जलेबी सभ्य, मान्य. पण तुम्ही ज्याला नेम साधणं म्हणताय ते आता सगळीकडे ठरवून होतं, हे बघा. २० ऑक्टोबर २०२४ ला ट्रम्प पेन्सिल्व्हेनियातल्या एका मॅकडोनाल्डमध्ये ॲप्रन घालून बटाट्याचे काप तळायला उभे राहिले. कमला हॅरिस कॉलेजात असताना मॅकडोनाल्डमध्ये काम केल्याचं सांगायच्या, ते खोटं आहे असं यांचं म्हणणं. पुरावा काही दिला नाही. आपण त्यांच्यापेक्षा पंधरा मिनिटं जास्त काम केलं म्हणाले, झालं. दुकान त्या वेळी लोकांसाठी बंद होतं, खिडकीशी गाड्या घेऊन आलेली माणसं आधी तपासलेली होती. मागे वार्ताहरांनी किमान वेतनाबद्दल विचारलं तर ही माणसं किती छान काम करतात, असं उत्तर. किमान वेतन किती असावं, यावर काही नाही. ठेलेवाल्या भाऊंनी लिहिलंय तसंच आहे हे, फक्त तिकडे तूप कोणाच्या हातावर उडालं नाही.

२०२५ मध्ये उलटं झालं. ट्रम्प आयातशुल्काच्या धमक्या देऊन मागे हटतात, त्याला तिकडे ‘टॅको’ (ट्रम्प ऑलवेज चिकन्स आउट, म्हणजे ट्रम्प नेहमी माघार घेतात) म्हणतात, म्हणून डेमोक्रॅट पक्षाने रिपब्लिकन पक्षाच्या वॉशिंग्टनमधल्या कार्यालयासमोर टॅकोची गाडी लावून फुकट टॅको वाटले. म्हणजे आता एकाने तळलं की दुसऱ्याने वाटायचं.

कांदेबटाटे, तुमचं भुजबळांचं उदाहरण भारी आहे. ते मला खोडता येत नाहीये, पण एका खोक्यावरून पुढच्या सगळ्या पार्सलांना पास मिळत नाही.

बडोद्याची सून, माहेर इंदूर

पकोडे राहिले की! जानेवारी २०१८ ला मोदींनी मुलाखतीत विचारलं, पकोडे विकून कोणी दिवसाला दोनशे रुपये घरी नेत असेल तर तो रोजगार म्हणायचा की नाही? पुढच्या महिन्यात बंगळुरूत विद्यार्थी पदवीदानाचे झगे घालून रस्त्यावर पकोडे विकायला उभे राहिले. अमित शहांना राज्यसभेतल्या पहिल्याच भाषणात उत्तर द्यावं लागलं, बेकार राहण्यापेक्षा पकोडे विकलेले बरे, त्यात लाज कसली. रामबागकरकाका, तुम्ही म्हणता प्रश्न हरवतो. इथे तर दोनशे रुपये पुरतात का, पदवीचा उपयोग काय, यावर घराघरांत भांडणं झाली. आमच्याकडे सासरे आणि दीर दोन दिवस बोलत नव्हते.

फक्त एक खटकलं तेव्हाही. झगे घातलेली मुलं पकोडे विकण्याला फजिती म्हणून दाखवत होती. माझ्या सासरच्या गल्लीत भजीवाल्याने मुलीला फार्मसी शिकवलंय. त्याने तो व्हिडिओ बघून मोबाइल उलटा ठेवला आणि घाणा काढला.

गल्लीतला ठेला

ताईंनी माझं बोलणं सोपं केलं. आणखी एक ऐका. जुलै २०२३, टोमॅटो शंभराच्या वर. वाराणसीत समाजवादी पक्षाच्या कार्यकर्त्याने एका भाजीच्या दुकानात टोमॅटोच्या राखणीला दोन बाउन्सर उभे केले. विनोद छान होता, मीही हसलो. पोलिसांनी गुन्हा नोंदवला, आणि उचललं कोणाला? दुकानदार आणि त्याच्या मुलाला. कार्यकर्ता सापडेना.

सांगायचं एवढंच की तुम्ही सगळे बघणारे आहात. जलेबी कोणाची, टोमॅटो कोणाचे, दुकान कोणाचं, हे कोणी विचारत नाही. मी आता ठरवलंय, कुठल्याही पक्षाचा असो, रांगेत उभं राहा, प्लेट घ्या, पैसे द्या, फोटो काढा. झारा आणि पोटली हातात मिळणार नाही. बाहेर पाटीच लावलीय. एक जण म्हणाला, पाटीबरोबर फोटो काढू का? काढा म्हटलं.

लोकमान्यनगर गल्ली ३

भाऊ, पाटीचा फोटो इथे टाका. पोराचं मनगट बरं झालं का?

गल्लीतला ठेला

बरं आहे. डाग राहिलाय. आता तोच जलेबी काढतो, मी पोह्यांवर.

जिरावन

एक गंभीर प्रतिक्रिया देतो, सवय नाही. नोव्हेंबर २०२३ च्या मतदानाला छप्पनवाल्यांनी सकाळी लवकर मत देऊन येणाऱ्यांना पोहे-जलेबी फुकट दिली होती. शाई दाखवा, प्लेट घ्या. कोणाची टिंगल नाही, कोणाला टोमणा नाही. त्याची बातमी किती दिवस टिकली? एक. म्हणजे आपल्यालाच मिरची लागते हो. पुढारी ओळखून आहेत.

सुदामानगरची

रामबागकरकाका, शेवटचं विचारते. डिसेंबर २०२५ च्या अखेरीला भागीरथपुऱ्यात नळातून दूषित पाणी आलं, माणसं गेली. आठ वेळा स्वच्छतेत पहिलं आलेलं आपलं शहर! त्या भागाचे आमदार आणि नगरविकास खात्याचे मंत्री तेच, पोहेवाले विजयवर्गीय. वार्ताहराने प्रश्न विचारला तर कॅमेऱ्यासमोर ‘घंटा’ म्हणाले, नंतर खेदही व्यक्त केला. मग काँग्रेसवाले घंटा वाजवत रस्त्यावर आले. तुमच्या हिशेबाने हाही तमाशाच. पण त्या घंटा वाजल्या नसत्या तर नववर्षाच्या गडबडीत ते पाणी कुठल्या पानावर गेलं असतं?

रामबागकर

घंटा वाजवली ते बरोबरच केलं. पण ताई, मी तेव्हा आमच्या वाचनालयात आठ-दहा जणांना विचारलं, पाणी कशाने दूषित झालं? शब्दावर सगळे तावातावाने बोलत होते. पाइपलाइनवर शौचालय बांधलेलं होतं आणि घाण तिथून शिरली, हे दोघांना माहीत होतं. मी याच गोष्टीला घाबरतो.

मालव्या

दोघांना माहीत होतं ते तरी कशामुळे? आठवडाभर बातमी तापलेली राहिली म्हणून. एरवी एकालाही नसतं.

सुदामानगरची

बरोबर बोलले मालव्या, पहिल्यांदाच. काका, २०२७ ला निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या निवडणुका लागतील. आमच्या गल्लीत जो कोणी मत मागायला येईल त्याच्यापुढे मी आमच्याच नळाचं पाणी पेल्यात भरून ठेवणार आहे. पिऊन दाखवा म्हणणार. मोबाइल सूनबाई धरेल.

रामबागकर

ताई, हा पण स्टंटच झाला.

सुदामानगरची

हो. करणारच.